विश्लेषण : अंगावरची गाठ कापण्याआधी सोनोग्राफी कशासाठी?

केस कापताना न्हाव्याच्या हाताला मानेमागे काहीतरी लागते. ब्लाउजचे माप घेताना शिवणाऱ्या बाईंना खांद्यावर फुगवटा दिसतो. किंवा आंघोळ करताना स्वतःच्याच बोटांना जांघेत वाटाण्याएवढी गाठ लागते. दुखत नसते, त्यामुळे वर्षभर कोणी तिच्याकडे पाहत नाही. मग कुणीतरी सांगते, ‘चरबीची असेल, राहू दे’. दुसरा सांगतो, ‘पाच मिनिटांचे काम आहे, भूल देऊन काढून टाक’. गंमत अशी की दोन्ही सल्ले बहुतेक वेळा खपून जातात, कारण त्वचेखालच्या मऊ ऊतींमध्ये येणाऱ्या निरुपद्रवी गाठी घातक गाठींपेक्षा किमान शंभरपट अधिक असतात. प्रश्न असतो तो शंभरातल्या त्या एखाद्या गाठीचा. ती वेळेत कशी ओळखायची आणि तिच्या भीतीपोटी बाकीच्यांना सुरीखाली का घालायचे? या दोन्ही प्रश्नांसाठी १०-१५ मिनिटांत होणारी, क्ष-किरण न वापरणारी सोनोग्राफी आज बहुतेक तालुक्यांच्या गावी उपलब्ध आहे. मात्र ती काय सांगू शकते आणि काय नाही, याबद्दल रुग्णांमध्ये मोठा गोंधळ आहे. कधी कधी तो सुरी हातात घेणाऱ्याच्या मनातही असतो.

गाठीचा पत्ता आधी का शोधतात?

मराठीत गाठींना नावांची कमतरता नाही. आवाळू, गळू, बेंड, गंडमाळ, गलगंड. ही सगळी नावे डोळ्यांना दिसते आणि बोटांना लागते त्यावरून पडलेली. सोनोग्राफी मात्र नावाआधी पत्ता विचारते. वर त्वचा, तिच्याखाली चरबीचा थर, त्याखाली स्नायूंवर ताणून बसवलेले फॅशिया नावाचे पातळ, चिवट आवरण, मग स्नायू आणि शेवटी हाड, अशी ही मांडणी असते. पडद्यावर हे थर एकावर एक पट्ट्यांसारखे दिसतात. फॅशिया म्हणजे त्यातली एक स्पष्ट पांढरी रेघ.

गाठ त्या रेघेच्या वर आहे की खाली, यावर पुढचे बरेच काही ठरते. चरबीच्या थरात सरकणारी दोन सेंटीमीटरची मऊ गाठ आणि मांडीच्या स्नायूत खोल बसलेली तशीच मऊ गाठ हाताला सारखी लागू शकते. पहिलीकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तरी बहुधा काही बिघडत नाही. दुसरीची पुढची तपासणी टाळणे चूक ठरते. अनुभवी डॉक्टर स्नायू ताणायला लावून बोटांनीही याचा अंदाज घेतात, पण अंगात चरबी जास्त असेल किंवा गाठ लहान असेल तर बोटे फसतात.

पोटाच्या सोनोग्राफीपेक्षा ही वेगळी कशी?

यंत्र तेच असते, हातातला प्रोब वेगळा. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोट तपासताना सुमारे ३५ लाख हर्ट्झच्या, म्हणजे साडेतीन मेगाहर्ट्झच्या आसपासच्या ध्वनिलहरी वापरतात. त्या खोलवर जातात, पण बारकावे पुसट दिसतात. त्वचेखालच्या गाठीसाठी सपाट तोंडाचा लिनिअर प्रोब लागतो आणि त्याच्या लहरी साधारण ७ ते १५ मेगाहर्ट्झच्या किंवा त्याहूनही वरच्या असतात. या लहरी काही सेंटीमीटरपलीकडे फारशा पोहोचत नाहीत, मात्र जिथे पोहोचतात तिथले मिलिमीटरपेक्षाही लहान तपशील दाखवतात. मऊ ऊतींतून ध्वनी सेकंदाला सरासरी १५४० मीटर वेगाने जातो असे यंत्र गृहीत धरते आणि प्रतिध्वनी परतायला किती वेळ लागला त्यावरून खोली मोजते. त्वचा आणि प्रोब यांच्यात हवा राहिली तर हा सगळा हिशेब कोलमडतो. त्यासाठीच तो गार, चिकट जेल लावतात. अगदी वरवरच्या गाठीवर तर जेलचा जाड थर ठेवून प्रोब जवळपास तरंगता धरला जातो, कारण जोराने दाबले की लहान शिरा चेपून रिकाम्या होतात आणि त्यांतला रक्तप्रवाह दिसतच नाही.

या तंत्राची वैद्यकातली सुरुवातच मुळी गाठींपासून झाली. अमेरिकेत मिनेसोटा येथे जॉन वाइल्ड यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला स्तनांतील गाठींवर प्रतिध्वनीचे प्रयोग केले. स्कॉटलंडमधील ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयाच्या आणि अंडाशयाच्या गाठी मोटारीत घालून जवळच्या रेनफ्रू येथील बॉयलरच्या कारखान्यात गेले. तिथे धातूतली चीर शोधायला ध्वनिलहरींचे यंत्र होते. भरीव गाठीचा प्रतिध्वनी आणि पाण्याने भरलेल्या गाठीचा प्रतिध्वनी वेगळा येतो, हे त्यांना तिथे दिसले. तुलनेसाठी मांसाचा एक तुकडाही ठेवला होता म्हणे. तीन वर्षांनी, १९५८ मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख आला, तो पोटातील गाठींविषयीच होता. त्यातल्या एका बाईंना जठराचा शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कर्करोग असल्याचे निदान झाले होते. प्रतिध्वनीने दाखवले की ती अंडाशयातली पाण्याची मोठी गाठ आहे. ती काढली आणि बाई वाचल्या.

तपासणीत नुसता फोटो काढतात का?

हा सर्वांत मोठा गैरसमज. एक्स-रे किंवा एमआरआयचे चित्र एकाने काढले आणि दुसऱ्याने नंतर वाचले तरी चालते. सोनोग्राफी मात्र हातात प्रोब असलेल्याच्या नजरेसमोर घडते आणि कागदावर येणारी चार-सहा चित्रे हा तिचा उतारा असतो. चांगला रेडिओलॉजिस्ट आधी गाठीला स्वतःच्या बोटांनी हात लावतो, कधीपासून आहे, वाढली का, मार लागला होता का, हे विचारतो. मग प्रोबने हलके दाबून ती चेपते का पाहतो. जांघेत किंवा पोटाच्या भिंतीत फुगवटा असेल तर खोकायला, कुंथायला, उभे राहायला लावतो. आतडे किंवा चरबी स्नायूच्या फटीतून बाहेर येताना आणि परत जाताना दिसली की हर्नियाचे निदान डोळ्यांसमोर होते. आडवे झोपल्यावर हा फुगवटा गायब होतो, त्यामुळे फक्त झोपवून तपासले तर अहवालात ‘काही नाही’ असे येऊ शकते. गाठ मनगटावर असेल तर बोटे हलवायला सांगतात. शंका आलीच तर दुसऱ्या बाजूचा हात किंवा पाय तपासून तुलना करतात.

मग येतो कलर डॉपलर. पडद्यावरचा लाल रंग म्हणजे शुद्ध रक्त आणि निळा म्हणजे अशुद्ध, असे अनेकांना वाटते. तसे काही नाही. रक्त प्रोबकडे येतेय की दूर जातेय, एवढेच ते रंग सांगतात. महत्त्वाचे असते ते गाठीच्या आत रक्तवाहिन्या आहेत का, असल्या तर किती आणि कशा पसरल्या आहेत, हे.

रोजच्या पाहण्यातल्या गाठी कोणत्या?

लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ, सर्वांत नेहमीची. त्वचेला समांतर, लांबट, आत बारीक पांढऱ्या रेघा असलेली, दाबली की चेपणारी आणि आत जवळपास रक्तप्रवाह नसलेली अशी ती दिसते. कधी कधी आजूबाजूच्या चरबीशी इतकी एकरूप असते की बोटाला लागते पण पडद्यावर वेगळी काढता येत नाही. अशा वेळी अहवालात ‘गाठ दिसली नाही’ असे आले तर तो निष्काळजीपणाच असतो असे नाही.

दुसरी ओळखीची म्हणजे पाठीवर, मानेवर किंवा कानामागे येणारी, वर काळा ठिपका असलेली गाठ. तिला सर्रास ‘सेबेशियस सिस्ट’ म्हणतात, पण बहुतेक वेळा आत तेलग्रंथीचा स्राव नसून त्वचेच्या पेशींचा केराटिन नावाचा पांढरट, वासाचा गाळ असतो. एपिडरमॉइड सिस्ट हे तिचे खरे नाव. गाळ घट्ट असल्याने सोनोग्राफीत ती भरीव दिसू शकते आणि नवख्याला ट्यूमर वाटू शकते. त्वचेपर्यंत गेलेली बारीक वाट, आत रक्तप्रवाहाचा अभाव आणि गाठीच्या मागे उजळलेला पट्टा यांवरून ती ओळखू येते. ती पिळू नये. आतल्या आत फुटली तर सूज, लाली आणि वेदना सुरू होतात, मग चित्रही बिघडते आणि शस्त्रक्रियाही.

मनगटाच्या मागच्या बाजूला येणारा टणक गोळा बहुधा गँगलियन असतो. हाडासारखा कडक लागतो, पण आत दाट, पारदर्शक द्राव असतो आणि सोनोग्राफीत त्याची सांध्याकडे गेलेली शेपटी दिसते. पूर्वी युरोपात त्यावर जाड पुस्तक आपटून तो फोडण्याची रीत होती. आज तसे करू नये. अनेक गँगलियन काही न करता विरून जातात.

एक्स-रेत न दिसणारा काटा इथे दिसतो का?

महाराष्ट्रात शेतात अनवाणी किंवा चपलेवर चालणाऱ्यांना हे सांगणे विशेष गरजेचे आहे. बाभळीचा काटा पायात मोडतो, वरचा भाग काढला जातो, जखम भरते. तीन आठवड्यांनी तिथे दुखरी गाठ येते. एक्स-रे काढला तर ‘नॉर्मल’ येतो, कारण काटा किंवा लाकडाची ढलपी क्ष-किरणांना आसपासच्या मांसासारखीच भासते. काच आणि धातू एक्स-रेत बहुधा दिसतात, लाकूड नाही. सोनोग्राफीत मात्र तोच काटा लख्ख पांढऱ्या रेघेसारखा दिसतो, त्याच्या मागे सावली पडते आणि भोवती सुजेचे काळपट वलय असते. किती लांब आहे, किती खोल आहे, शेजारून शीर किंवा स्नायूबंध जातोय का, हे सगळे चीर देण्याआधी कळते. पाय फार दुखत असेल तर तो पाण्याच्या टबात बुडवून, प्रोब पाण्यातच थोडा दूर धरूनही तपासता येतो. पाणी जेलचे काम करते आणि दुखऱ्या जागेला स्पर्शही होत नाही.

गळू समजून चीर देण्यात धोका कोणता?

लाल, गरम, दुखरी सूज म्हणजे आत पू झालाच असेल, असे नाही. नुसता संसर्ग पसरला असेल तर चरबीच्या गोळ्यांमध्ये पाणी साचून पडद्यावर फरसबंदीसारखे चित्र दिसते. तिथे चीर देऊन हाती काही लागत नाही, औषधे लागतात. पू साचला असेल तर तो कधी काळा, कधी करडा दिसतो, पण प्रोबने हलके दाबले की आतला मजकूर भोवऱ्यासारखा हलतो. मधुमेही रुग्णात हा फरक वेळेवर कळणे फार मोलाचे असते. मात्र सूज झपाट्याने पसरतेय, त्वचा काळी-निळी पडतेय, वेदना दिसण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, अशा रुग्णाला सोनोग्राफीच्या रांगेत बसवून ठेवू नये. तो थेट शस्त्रक्रियेचा मामला असू शकतो.

सर्वांत भीतीदायक चूक वेगळीच आहे. जांघेतून अँजिओग्राफी झालेली असते, डायलिसिसची सुई वारंवार एकाच जागी टोचलेली असते किंवा धमनीला कधी इजा झालेली असते. त्यानंतर तिथे एक फुगवटा येतो. धमनीच्या भिंतीतून झिरपलेल्या रक्ताने बाहेर पिशवी केलेली असते. वरची त्वचा लालसर असेल तर ती हुबेहूब गळवासारखी दिसते. डॉपलर लावला की त्या पिशवीत लाल आणि निळा रंग अर्धा-अर्धा गरगरताना दिसतो, आणि दोन सेकंदांत निदान होते. डॉपलर न लावता चीर दिली तर पुवाऐवजी धमनीतले रक्त उसळते. जांघ, काख, मान आणि गुडघ्यामागची जागा इथे मोठ्या रक्तवाहिन्या असतात. तिथल्या कुठल्याही सुजेत सुरी किंवा जाड सुई घालण्याआधी प्रोब ठेवण्याची सवय म्हणूनच हवी.

मानेतली गाठ दुखत नसेल तर?

मानेच्या दोन्ही बाजूंना, काखेत आणि जांघेत लसिका ग्रंथी असतातच. घसा धरला, दात किडला, पायाला जखम झाली की त्या सुजतात. निरोगी ग्रंथी सोनोग्राफीत राजम्याच्या दाण्यासारखी लांबट दिसते आणि तिच्या मधोमध पांढरट चरबीचा देठ असतो, ज्यातून रक्तवाहिन्या आत शिरतात. ग्रंथी गोल झाली, देठ नाहीसा झाला, रक्तवाहिन्या कडेने वेड्यावाकड्या शिरू लागल्या, की शंका घेतली जाते.

भारतात या शंकेचे पहिले उत्तर अनेकदा क्षयरोग असते. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा या देशात आहे आणि फुप्फुसाबाहेरच्या क्षयाचे ग्रंथी हे नेहमीचे ठिकाण आहे. जुन्या लोकांची गंडमाळ ती हीच. सोनोग्राफीत या ग्रंथी एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये सडून काळपट झालेल्या दिसतात, कधी त्यांतून पू त्वचेकडे निघालेला दिसतो. पण चित्रावर गोळ्या सुरू करणे योग्य नाही. सोनोग्राफीतच पाहून बारीक सुईने ग्रंथीतला नमुना घेता येतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो आणि सीबीनॅट यंत्रावर त्यात क्षयाचे जंतू आहेत का, ते रिफॅम्पिसिनला दाद देतील का, हेही कळते. सरकारी क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत आणि ग्रंथींच्या साध्या क्षयासाठी ते साधारण सहा महिने चालतात. एक गोष्ट रुग्णांना आधीच सांगितली पाहिजे. औषधे नीट चालू असतानाही काही जणांत ग्रंथी आधी वाढतात किंवा नवी गाठ दिसते. औषध लागू पडत नाही असे समजून अनेक जण इथेच गोळ्या सोडतात. सोडू नयेत, डॉक्टरांना दाखवावे.

दुसरे उत्तर तंबाखूचे. वर्षानुवर्षे तंबाखू, मशेरी, गुटखा तोंडात धरणाऱ्या माणसाच्या मानेत कडक गाठ आली तर आधी तोंड उघडून पाहायला हवे. जिभेच्या किंवा गालाच्या आतल्या जखमेतून कर्करोग मानेच्या ग्रंथींत पोहोचलेला असू शकतो. अशी ग्रंथी ‘तपासणीसाठी’ म्हणून एकटीच कापून काढली तर पुढची मोठी शस्त्रक्रिया अवघड होते. पहिला नमुना सुईनेच घ्यावा. गळ्याच्या हाडाच्या वरच्या खोबणीत, त्यातही डाव्या बाजूला, लागलेली कडक ग्रंथी तर कधीही ‘राहू दे’ म्हणून सोडू नये. पोटातल्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते.

मग कोणती गाठ कापू नये?

सार्कोमा हा मऊ ऊतींचा कर्करोग दुर्मीळ आहे. प्रौढांमधील एकूण कर्करोगांपैकी जेमतेम एक टक्का. हे दुर्मीळ असणेच त्याचे पांघरूण बनते. ज्या डॉक्टरने वर्षभरात पन्नास लायपोमा काढले, त्याला एकावन्नावी गाठही लायपोमाच वाटणे स्वाभाविक आहे. स्थानिक भूल देऊन, जमेल तशी सोलून ती काढली जाते आणि पंधरा दिवसांनी पॅथॉलॉजीचा अहवाल येतो. तोवर गाठीच्या पेशी आजूबाजूच्या थरांत पसरलेल्या असू शकतात. मग पुन्हा, आधीपेक्षा बरीच मोठी जागा कापावी लागते, कधी त्वचारोपण, कधी रेडिएशन. पहिल्याच वेळी नीट आखलेली शस्त्रक्रिया झाली असती तर यातले बरेच टळले असते.

म्हणून काही खुणा पाहिल्या जातात. गाठ पाच सेंटीमीटरहून मोठी आहे, म्हणजे ढोबळमानाने मोठ्या लिंबापेक्षा मोठी. ती वाढतेय. ती फॅशियाच्या खाली आहे. एकदा काढल्यावर त्याच जागी परत आली आहे. यातली एक खूण असली तरी सावध व्हायचे. वेदना या यादीत मुद्दामच नाही, कारण अनेक सार्कोमा बराच काळ दुखत नाहीत. ‘दुखत नाही म्हणजे साधी’ हा समज जितका पक्का तितकाच चुकीचा आहे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीत विनाकारण वाढणारी गाठ आढळली तर दोन आठवड्यांत सोनोग्राफी व्हावी, लहान मुलांत ४८ तासांत.

सोनोग्राफी इथे ‘हा सार्कोमा आहे’ असे सांगत नाही, तो तिचा आवाकाही नाही. ‘ही साधी गाठ असल्याची खात्री देता येत नाही’ एवढे ती सांगते, आणि तेवढे पुरेसे असते. पुढे एमआरआय, मग जाड सुईने तुकडा. ती सुई कुठून घालायची हे नंतर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला विचारून ठरवतात, कारण सुईची वाटही त्याला गाठीबरोबर काढता आली पाहिजे.

फसवणाऱ्या दोन जागा वेगळ्या सांगायला हव्यात. गुडघ्यामागे द्रावाची पिशवी दिसली की ‘बेकर्स सिस्ट’ लिहून टाकण्याचा मोह होतो. खऱ्या बेकर्स सिस्टची मान दोन विशिष्ट स्नायूबंधांच्या मधून सांध्याकडे गेलेली दिसते. ती दिसत नसेल तर ते नाव देऊ नये, कारण तरुणांमध्ये सांध्याजवळ येणारा एक प्रकारचा सार्कोमा सिस्टसारखा दिसू शकतो. दुसरी जागा मार लागल्यानंतरची. रक्त साकळून झालेली गाठ आठवड्यांगणिक लहान व्हायला हवी. झाली नाही, उलट वाढली, तर पुन्हा सोनोग्राफी करून डॉपलर लावायलाच हवा.

स्तन, थायरॉइड, अंडकोष यांचे काय?

या तिन्हींचे शास्त्र स्वतंत्र आहे. तरुण स्त्रीच्या स्तनातील गाठीसाठी सोनोग्राफी ही पहिली तपासणी असते. चाळिशीपुढे ती मॅमोग्राफीच्या जोडीने करतात, तिच्याऐवजी नव्हे. अहवालातले ‘बायरॅड्स ३’ पाहून घाबरून जाऊ नये. त्याचा अर्थ कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून कमी, सहसा सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. ‘४’ आणि ‘५’ म्हणजे तुकडा तपासा. अंडकोषातील न दुखणारी कडक गाठ लाजेपोटी लपवली जाते, तिची सोनोग्राफी लगेच व्हावी. मुलाच्या अंडकोषात अचानक असह्य कळ आली तर मात्र पीळ पडल्याची शक्यता धरून तासाभराचीही वाट पाहू नये. साधारण सहा तासांनंतर तो वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते.

थायरॉइडची गोष्ट उलट बाजूची आहे. हाताला काही लागत नसताना, आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये आहे म्हणून मानेची सोनोग्राफी केली की अनेक जणांत बारीक गाठी निघतात. दक्षिण कोरियात अशा तपासण्यांची लाट आली. तिथे २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३च्या १५ पट झाले, मृत्यूचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहिले. म्हणजे ज्यांना कधीच त्रास झाला नसता अशा हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या. लागलेल्या गाठीची सोनोग्राफी आणि गाठ शोधण्यासाठी केलेली सोनोग्राफी, या दोन गोष्टी एक नाहीत.

अहवालातले शब्द कसे वाचावेत?

मोबाइलवर अहवाल आला की त्यातला एकेक शब्द शोधून रात्रभर जागणारे बरेच. ‘हायपोएकोइक’ म्हणजे आजूबाजूपेक्षा काळपट, एवढेच. कर्करोग काळपट दिसतो तशी सुजलेली साधी ग्रंथीही. ‘अनएकोइक’ म्हणजे पूर्ण काळे, बहुधा स्वच्छ द्राव. ‘हायपरएकोइक’ म्हणजे उजळ. ‘व्हॅस्क्युलॅरिटी’ म्हणजे रक्तप्रवाह. ‘सबक्युटेनियस प्लेन’ म्हणजे चरबीचा थर, ‘इंट्रामस्क्युलर’ म्हणजे स्नायूच्या आत, आणि हा शब्द दिसला तर सर्जनला तो आवर्जून दाखवावा. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ लिहिणे ही पळवाट आहे अशी तक्रार ऐकू येते. कधी ती असतेही. पण ‘इनडिटरमिनेट’ असे प्रामाणिकपणे लिहिणारा रेडिओलॉजिस्ट खात्री नसताना ‘लायपोमा’ लिहिणाऱ्यापेक्षा रुग्णाच्या जास्त उपयोगी पडतो.

सर्जनच्या खिशात हे यंत्र का नसते?

अनेक देशांत आपत्कालीन विभागातला डॉक्टर किंवा सर्जन गळवावर स्वतःच प्रोब ठेवून पाहतो. भारतात ते तितके सोपे नाही आणि त्यामागे सबळ कारण आहे. गर्भलिंग निदानातून मुलींची हत्या थांबवण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. सोनोग्राफी यंत्राची नोंदणी, ते वापरणाऱ्याची पात्रता, पोर्टेबल यंत्र हवे तिथे नेण्यावरचे निर्बंध हे सगळे त्यातून आले. म्हणूनच मनगटाची गाठ दाखवायला गेलेल्या माणसालाही केंद्रात ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक वाचावा लागतो. त्या कायद्याची गरज संपलेली नाही. पण त्याचा एक परिणाम असा की गाठ एका ठिकाणी तपासली जाते, सोनोग्राफी दुसऱ्या ठिकाणी होते आणि दोघे डॉक्टर एकमेकांशी बोलतातच असे नाही. मधला निरोप्या रुग्ण असतो.

जाताना काय लक्षात ठेवावे?

चिठ्ठीवर फक्त ‘सोनोग्राफी’ असे लिहिले असेल तर कुठल्या जागेची, कुठल्या बाजूची आणि डॉपलरसह का, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. बहुतेक गाठींसाठी उपाशी राहावे लागत नाही, लघवी धरून ठेवावी लागत नाही. गाठ येत-जात असेल तर ती कशाने येते ते सांगावे आणि दिसत असतानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. लहान असेल तर घरूनच पेनाने खूण करून जावे, कारण टेबलावर आडवे झाल्यावर ती आपल्यालाही सापडत नाही. जुने अहवाल बरोबर असावेत. गेल्या वर्षी गाठ किती सेंटीमीटर होती हा आकडा कधी कधी आजच्या चित्रापेक्षा जास्त बोलतो. आणि गाठ काढलीच, तर ती कितीही साधी वाटो, बाटलीत घालून पॅथॉलॉजीकडे पाठवली का, हे नातेवाइकांनी सर्जनला विचारूनच घरी जावे.